यातलं जिवंत कोण?

८ जानेवारी, गुरुवार

छापलं! धडा माझा, नाव तिचं!

आमच्या जीवशास्त्र-शिक्षक मंडळाची पुस्तिका आज शिक्षकखोलीत येऊन पडली. सहज पान उलटलं तर समोर 'यातलं जिवंत कोण?' — माझा प्रश्न, माझ्या तीन वाट्या, माझे फुगेसुद्धा! खाली तिचं नाव — म्हणे माझी मैत्रीण! शेजारी फोटो. हनुवटीखाली हात ठेवून. विचारवंत!

डबा तसाच परत आणला. यांनी उघडून बघितला. "भूक नव्हती?"

होती. पण पोळीभाजीची नव्हती.

९ जानेवारी, शुक्रवार

आयत्या बिळावर नागोबा. आणि हा नागोबा जीवशास्त्र शिकवतो!

१० जानेवारी, शनिवार

मंडळाची बैठक. गेले. न जाऊन तिला आनंद कशाला द्या?

काय सुंदर सुरुवात होती या मंडळाची. जीवशास्त्र शिकवणारे आम्ही पाच-सहा जण. दर शनिवारी कुणाच्या तरी प्रयोगशाळेत जमायचं, एकमेकांचे धडे उसवायचे, पुन्हा शिवायचे. नियम एकच — मुलांना उत्तर वाढून द्यायचं नाही. त्यांनी विचारायचं, त्यांनीच शोधायचं. आपण फक्त वाटेत पाय घालायचा नाही.

त्या नियमातून माझा धडा निघाला. तीन वाट्या. एकीत यीस्ट, एकीत विटेचा चुरा, एकीत मोहरी. वर काही लिहायचं नाही. वर्गाला एवढंच विचारायचं — यातलं जिवंत कोण? आणि मग बाईंनी तोंड शिवून बसायचं. मुलं हुंगतात, भिंगातून बघतात, तावातावाने भांडतात. शेवटी कुणाला तरी सुचतं, "याला खायला घालून बघू या." साखर, कोमट पाणी, बाटलीच्या तोंडाला फुगा. यीस्टचा फुगा हळूच मान वर काढतो. वर्ग वेडा होतो.

दोन वर्षं खपले मी त्यावर. पहिल्या खेपेला तर मुख्याध्यापकांनी दारातून विचारलं होतं, "बाई, बाजार भरवलाय का?" तेव्हा फोटो काढायला कुणी आलं नव्हतं.

आज चहाच्या वेळी तिला गाठलं. म्हटलं, पुस्तिका बघितली. तर कशी गोड हसली! "अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? मंडळात सगळं सगळ्यांचं असतं."

मग फोटो सगळ्यांचा का नाही?

हे मनात. तोंडाने म्हणाले, "हो ना." या तोंडाला काय करावं!

राणीमाशी! आजपासून या वहीत तिचं हेच नाव. फुलाफुलांवर आम्ही हिंडायचं, पोळं तिच्या नावाचं.

खोडरबर सर जिन्यात भेटले. (बोललेलं लगेच पुसतात, म्हणून खोडरबर.) म्हणाले, "चुकलंच हो तिचं. म्हणजे चुकलं असं नाही. जुळवाजुळव तिनेच केली ना. होतं असं. होऊ नये म्हणा." धन्य!

आणि खरी फोडणी तर शेवटी. वरच्या कार्यालयातल्या अधिकारीबाई बावीस तारखेला येणार. त्यांच्यापुढे राणीमाशी आपल्या वर्गावर हाच धडा घेणार. पसंत पडला तर सगळ्या शाळांत आमची पद्धत, आणि शिक्षकांना ती शिकवायला एक मार्गदर्शक नेमणार. कोण, ते सांगायला ज्योतिषी नको.

निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "साहित्य तूच आण हं. तुझ्याइतकं नीटनेटकं कुणाचंच नसतं."

धडा चोरला आणि वर मला हमाल केलं!

११ जानेवारी, रविवार

साहित्य मी आणायचं आहे.

दिवसभर हेच वाक्य तोंडात घोळवतेय. गोड लागतंय.

१४ जानेवारी, बुधवार

ठरलं. मेलेलं यीस्ट द्यायचं.

दिसायला तेच दाणे. तोच रंग, तेच पाकीट. फक्त आत जीव नाही. फुगा उठणार नाही. अधिकारीबाई घड्याळ बघतील. राणीमाशीचं ते विचारवंत हसू आधी ताणेल, मग वाळेल, मग गळून पडेल. आणि मी मागच्या बाकावर बसून बघेन. टाळी वाजवणार नाही. फक्त बघेन.

तिला फुगा न उठण्याची सवयच नाही. आयतं घेणाऱ्याला पडझड कुठे माहीत असते!

एकच गोष्ट जराशी खुपली. वर्ग आठवीचा — म्हणजे आमच्या लेकीचा, ठकीचा. मीच हौसेने घातलं तिला त्या शाळेत. माझ्या मैत्रिणीच्या हाताखाली शिकेल म्हणून! आता पोर ऊठसूट "बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या". परवा जेवताना ओरडलेच — या घरात त्या बाईचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून गप्प आहे.

बरंच आहे. तिलाही दिसू दे बाई किती पाण्यात आहेत ते.

१७ जानेवारी, शनिवार

केलं.

बैठकीला डोकेदुखीचं कारण कळवलं. ठकी बाहेर, हे दाढी करायला गेलेले. पाकीट अलगद सोडवलं. यीस्ट ताटलीत पसरून ओव्हनमध्ये. चांगलं खरपूस झालं नाही ना म्हणून दोनदा उघडून बघितलं — रंग बदलता कामा नये, जीव तेवढा जायला हवा. मग खिडकीत वास उडवून टाकला. चिमूटभर साखरपाण्यात टाकून बसले. बुडबुडा नाही. दुपार कलली तरी नाही. बाकीचं पुन्हा पाकिटात भरून कड चिकटवली, इतकी बेमालूम की माझी मलाच शिवण दिसेना.

हात थरथरले का? मुळीच नाही. प्रयोग करताना माझे हात कधीच थरथरत नाहीत.

ताटली घासताना चक्क गुणगुणत होते. हे म्हणाले, "आज स्वारी खुशीत?" म्हटलं, डोकं उतरलं.

२१ जानेवारी, बुधवार

सामानाची पेटी तिच्या शाळेत पोचवली. "तू म्हणजे ना, माझा उजवा हात!" — इति राणीमाशी.

उद्या कळेल उजवा हात काय करतो ते.

२२ जानेवारी, गुरुवार

कुठून सुरुवात करू? संताप संताप झालाय.

मागच्या बाकावर जागा धरली होती. शेजारी खोडरबर. पुढे अधिकारीबाई — करड्या केसांच्या, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. मुलं भिंतीला टेकवल्यासारखी ताठ. ठकी तिसऱ्या रांगेत. तिने माझ्याकडे बघून जरासं हसून घेतलं.

वाट्या आल्या. प्रश्न आला. माझा प्रश्न, माझ्याच शब्दांत! हुंगणं, भांडण, साखर, कोमट पाणी — सगळं माझ्या धड्यासारखं. बाटल्यांना फुगे लागले.

आणि मग काहीच नाही.

अहाहा! ती शांतता! तिन्ही फुगे मेलेल्या जिभांसारखे लोंबत होते. राणीमाशी यीस्टच्या बाटलीकडे बघतेय, बाटली तिच्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. मला दिसल्या, इतक्या मागून! अधिकारीबाईंनी मनगट वळवलं. मी मनात म्हटलं, घे! आता काढ फोटो!

तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे यातलं कुणीच जिवंत नाही?"

आता ती सांगणार, मला माहीत होतं. सांगणार — नाही रे बाळांनो, खरं तर ही वाटी जिवंत आहे, आज काहीतरी गडबड झाली. उत्तर वाढून देणार. नियम मोडणार. संपली!

ती स्टुलावर बसली. चक्क बसली. आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, एक तरी फुगा उठेल. नाही उठला. का, ते मला माहीत नाही."

मग ठकीचा हात वर. माझ्या ठकीचा! "बाई, झोपलेलं आणि मेलेलं यातला फरक कसा ओळखायचा?"

बस्स. तिथून वर्ग जो उसळला! पाणी फार गार होतं का? फार गरम होतं का? त्याला साखर आवडत नसेल तर? आपण घाई करतोय का? मोहरीला पेरूनच बघायला हवं! फळ्यावर जागा उरली नाही. तास संपल्याची घंटा झाली तर कुणी उठेना. अधिकारीबाई — त्या दगडाच्या बाई! — खुर्ची ओढून मुलांच्यात जाऊन बसल्या. निघताना म्हणाल्या, "इतक्या वर्षांत शिक्षकाच्या तोंडून 'मला माहीत नाही' पहिल्यांदा ऐकलं. मुलांचा शोध पुरा झाला की मला बोलवा. मी पुन्हा येणार."

खोडरबर डोळे पुसत होते. "असा तास झाला नाही हो कधी. म्हणजे झाले असतील. नाही, नाहीच झाला." या एकदाच शेवटचं वाक्य पुसलं नाही!

मी मारलेल्या यीस्टवर तिचा फुगा उठला.

माझ्या वर्गात यीस्ट दर वेळी जिवंत असायचं. दर वेळी टाळ्या. पण हा प्रश्न, ठकीने विचारला तो — माझ्या वर्गात कधी कुणी विचारलाच नाही. हे सगळ्यात जास्त जिव्हारी लागलंय.

२३ जानेवारी, शुक्रवार

ठकीला जेवायची शुद्ध नाही. त्यांनी पाच जणांचा गट केलाय. उरलेलं यीस्ट बाटलीत जपून ठेवलंय.

"आई, यीस्ट मरतं कशाकशाने?"

"पुस्तकात बघ."

"तूच म्हणतेस ना, पुस्तकात शेवटी बघायचं?"

यांनी भाताचा घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढली.

२४ जानेवारी, शनिवार

बैठक तिच्याच शाळेत. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. राणीमाशी पोळ्याच्या मधोमध.

मी चहाच्या वेळी प्रयोगशाळेतल्या कपाटापाशी गेले. खालच्या फळीवर ती बाटली. उरलंसुरलं यीस्ट. सिंकमध्ये उलटी केली की झालं, नळ सोडला की पुरावा गटारात. हातात घेतलीसुद्धा. वर चिठ्ठी चिकटवलेली, ठकीच्या अक्षरात — 'कृपया हात लावू नये. चौकशी चालू आहे.'

"बघितलंस?" मागे राणीमाशी! बाटली माझ्या हातातच. ती मात्र हसत होती. "पोरं नाहीत, पोलीस झालेत! मलासुद्धा हात लावू देत नाहीत."

बाटली जागेवर ठेवली.

"तुझी ठकी फार पुढे जाईल गं," म्हणाली.

माझी लेकसुद्धा हिचीच मिळकत! हिच्या नखाला धक्का लागत नाही. मी खड्डा खणावा आणि हिला त्यात पाणी लागावं!

२७ जानेवारी, मंगळवार

आज त्यांनी सूक्ष्मदर्शक काढला. ठकी सांगत होती. सांगत होती म्हणजे यांना सांगत होती, मी ऐकत होते. एक निळा रंग असतो. जिवंत पेशी तो आत टिकू देत नाही, मेलेली निळी होऊन जाते.

"बाबा, सगळ्या निळ्या! एकसुद्धा पांढरी नाही! म्हणजे झोपलेलं नव्हतं ते. मेलेलंच होतं."

हे म्हणाले, "जुनं असेल पाकीट."

"तारीख बघितली ना आम्ही. भरपूर मुदत होती."

काय सुंदर काम करतायत ही पोरं! मी चिडून लिहितेय, पण लिहितेय. नवं पाकीट आणून शेजारी ठेवलं — ते जिवंत. त्याचे भाग केले. एक ओला करून वाळवला, एक बर्फाच्या कप्प्यात ठेवला, एक तापवला. कुणी शिकवलं त्यांना असं एकेक कारण बाजूला काढायला?

माझ्या धड्यात लिहिलंय. पान माझं. नाव तिचं.

३० जानेवारी, शुक्रवार

ओलं केलेल्यातलं थोडं जगलं. बर्फातलं बरंच जगलं. तापवलेलं सगळं निळं.

३१ जानेवारी, शनिवार

ठकी दुकानात जाऊन आली. मी पाकीट घेतलं होतं त्याच दुकानात! त्याच खोक्यातली आणखी पाकिटं आणली. सगळ्यांचे फुगे उठले.

"म्हणजे दुकानात काही झालं नाही," ती ताटावर म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, वरणात चमचा फिरवत होती. "दुकानानंतर झालं."

"दुकानानंतर कुठे गेलं पाकीट?" यांनी विचारलं. यांचं डोकं नको तिथे चालतं!

"आपल्याकडे."

मी न मागता यांच्या ताटात पोळी टाकली.

"मी काही म्हणत नाहीये," ठकी म्हणाली. "फक्त क्रम लावतेय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. माझ्या मनात तर दिवस उजाडला होता.

२ फेब्रुवारी, सोमवार

कबूल करू? कुणापाशी? तिच्यापाशी? जीभ झडेल!

तिने आधी करावं. धडा चोरला म्हणावं, चारचौघांत. मग बघू.

४ फेब्रुवारी, बुधवार

ठकी बोलत नाही. विचारलं तेवढं उत्तर देते. दप्तर, डबा, झोप. गटातल्या मुली घरी येतो म्हणाल्या तर "आमच्याकडे नको" म्हणाली. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

आज ओव्हनसमोर उभी होती. दार उघडलं, आत बघितलं, बंद केलं. मला म्हणाली, "जरा सरक ना, पाणी घ्यायचंय."

तिला ओरडावंसं वाटलं. काय म्हणून ओरडणार?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मुलांनी शोध मांडला. अधिकारीबाई आल्या होत्या, आणखी दोघांना घेऊन. पालक होते. हेही अर्धी रजा टाकून आले — लेकीचं कौतुक बघायला! मी मंडळाच्या रांगेत.

पाचही जण आळीपाळीने बोलले. निळ्या पेशींची चित्रं, फुग्यांच्या रांगा. काय चुकलं तेसुद्धा सांगितलं — एकदा पाणीच इतकं गरम घेतलं होतं की चांगलं यीस्टही मेलं! लोक हसले. शेवटी ठकी. "आमचा निष्कर्ष असा की यीस्ट कोरडंच असताना खूप तापवलं गेलं. दुकान सोडल्यानंतर आणि वर्गात येण्याआधी."

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "मग नेमकं कुठे तापलं?"

बाकीच्या चौघांनी ठकीकडे बघितलं. त्यांना माहीत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. पुढचा तुकडा तिने एकटीने जवळ ठेवला होता.

मला उठायचं होतं. खरंच. पण सगळं अंग खुर्चीत ओतल्यासारखं.

"माझ्यामुळे," ठकी म्हणाली. "पाकीट आमच्या घरी होतं. दमट होऊ नये म्हणून मी ते ओव्हनमध्ये ठेवलं. आणि विसरून ओव्हन लावला. आईला माहीत नव्हतं."

तिच्या गटातली एक मुलगी किंचाळली, "आणि आम्ही इतके दिवस राबतोय! तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर शोध कसा झाला असता?"

काय टाळ्या पडल्या! अधिकारीबाईसुद्धा हसल्या. यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, "आमची आहे ती." राणीमाशीने ठकीला मिठीत घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून हात हलवला.

मग जाहीर झालं. पद्धत सगळ्या शाळांत. मार्गदर्शक — राणीमाशी. ती भाषणात काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. मी ठकीचे हात बघत होते. टेबलाची कड घट्ट धरली होती तिने. बोटं पांढरी.

महिनाभर ज्या चेहऱ्यावरचं हसू गळताना मला बघायचं होतं, तो समोर हसत होता, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. सूड घ्यायलाही जागेवर माणूस लागतं. मी कुठे होते?

घरी येताना हे एकटेच बोलत होते.

७ फेब्रुवारी, शनिवार

बैठकीला गेले नाही. सकाळी ठकीची वेणी घालायला बसले. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून तोंड उघडलं. म्हटलं, "काल माझ्यासाठी खोटं बोललीस."

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "बाईंसाठी. तू त्यांची मैत्रीण आहेस असं त्यांना अजून वाटतं."